मोलकरीण का गेली

सेंदाईला आम्ही गेलो तेव्हा माझ्याकडे जर्मनची एम.ए. होती आणि जपानीचे जेमतेम चार शब्द. नव्वदीच्या दशकाचा मधला काळ. नवऱ्याला तिथल्या विद्यापीठात धातुशास्त्राच्या संशोधनाची जागा मिळाली होती. तो सकाळी सायकल काढून टेकडीवरच्या प्रयोगशाळेत जायचा, आणि मी रॉकेलच्या हीटरवर किटली ठेवून तिच्याकडे बघत बसायची. पुण्यात मी शाळेत जर्मन शिकवत होते. निघताना आई म्हणाली होती, "शिकलीस एका देशाची भाषा आणि निघालीस दुसऱ्याच देशाला." तेव्हा मी हसले होते, पण पहिल्या हिवाळ्यात मला त्या वाक्याचं हसू येईना.

घराजवळच्या नागरी केंद्रात परदेशी बायकांसाठी फुकट जपानी वर्ग चालायचा. शिकवायला निवृत्त मंडळी यायची. एक दिवस नेहमीच्या बाईंऐवजी एक उंच, वाकलेले म्हातारे गृहस्थ आले. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत शब्द लिहिला आणि वाचून दाखवला, "आरुबाइतो. फावल्या वेळातली नोकरी." माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "आर्बाइट!" काम या अर्थाचा जर्मन शब्द तो. म्हाताऱ्यांनी खडू खाली ठेवला आणि अगदी जुन्या पुस्तकी जर्मनमध्ये मला विचारलं, "बाईसाहेबांना जर्मन अवगत आहे?"

बाकीच्या बायका आमच्याकडे बघतच राहिल्या. एक भारतीय बाई आणि एक जपानी आजोबा जर्मनमध्ये बोलतायत, हे दृश्य होतंच तसं.

ते विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक होते. त्यांच्या पिढीतल्या शिकलेल्या माणसांना जर्मन यायचंच. जपानचा दिवाणी कायदा जर्मन कायद्यावरून बेतलेला, आणि डॉक्टरसुद्धा रोग्याची माहिती जर्मनमध्ये लिहीत. तिथे सगळे त्यांना सेन्सेई, म्हणजे सर, म्हणायचे. मीही तेच म्हणू लागले. वर्ग संपल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"माझ्या डोळ्यांच्या मधोमध डाग पडलाय," ते म्हणाले. "कडेचं दिसतं, समोरचं नाही. फळ्यावर लिहिता येतं, छापलेलं वाचता येत नाही. मला जर्मन वाचून दाखवणारं माणूस हवंय. आरुबाइतो कराल?"

अशी मला जपानमधली पहिली नोकरी जर्मन भाषेने मिळवून दिली.

सेन्सेईंचं घर नदीपलीकडे चढावर होतं. सकाळी नवरा गेला की मीही सायकलवरून निघायची, शेवटच्या चढावर सायकल ढकलत न्यायची. त्यांच्या पत्नी, म्हणजे ओकुसान, दारातच माझ्यासाठी कापडी सपाता काढून ठेवत. मी मांसमच्छी खात नाही हे कळल्यावर त्यांनी माझ्यासाठी झुंदा मोची आणायला सुरुवात केली. कोवळ्या सोयाबीनच्या दाण्यांची हिरवीगार गोड चटणी आणि तांदळाचा मऊ गोळा. पहिल्यांदा पाहून मला वाटलं, गोड चटणी कशी खायची? पुढे मी त्याची वाट बघू लागले.

काम काय होतं ते सेन्सेईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांच्या स्वतःच्या गुरूंच्या जन्माला पुढच्या वर्षी नव्वद वर्षं पूर्ण होणार होती. जुने विद्यार्थी मिळून एक स्मृतिग्रंथ काढत होते. सेन्सेई सगळ्यांत जवळचे शिष्य, म्हणून मुख्य लेख त्यांनी लिहायचा.

"गुरुजी तरुणपणी जर्मनीला शिकायला गेले होते," ते म्हणाले. "हुकूमशाहीच्या काळात. परत येताना पेट्या भरून पुस्तकं आणि मासिकं आणली. ती त्यांनी मला दिली. मी त्यातली कामापुरती वाचली. त्या वर्षांतली बाकीची कधी उघडलीच नाहीत. लेख लिहिण्याआधी मला हे पाहायचंय, की त्या दिवसांत गुरुजींच्या टेबलावर काय होतं."

ही मासिकं म्हणजे कायद्याच्या प्राध्यापकांची मासिकं. मला वाटलं होतं, कंटाळा येईल. भाडेकरू, वारसा, घटस्फोट. आरंभीचे अंक होतेही तसे. मी वाचायची, सेन्सेई डोळे मिटून ऐकायचे, मध्येच हात वर करून एखादं वाक्य पुन्हा वाचायला लावायचे. मला कायद्यातलं काही कळत नव्हतं. पण भाषा कळत होती, त्यामुळे मी भाषेकडेच बघत होते.

हुकूमशाही आली त्या वर्षाच्या अंकांपाशी आम्ही पोचलो तेव्हा पहिली गोष्ट मलाच दिसली. पहिल्या पानावर संपादक मंडळाची नावं असत. ती मी सवयीने वाचून दाखवायची. एका अंकात त्यातली काही नावं नव्हती. कुठे खुलासा नाही, निरोपाचे दोन शब्द नाहीत. उरलेली नावं सरकवून अशी नीट बसवली होती की आधी कुणी होतं असं वाटूही नये.

"पुन्हा वाचा," सेन्सेई म्हणाले. मी आधीचा अंक काढून दोन्ही वाचले.

"ते ज्यू होते," सेन्सेई म्हणाले. "नोकरीवरून काढले. हे मला माहीत होतं. पण हे असं दिसतं, हे माहीत नव्हतं."

पुढच्या अंकांतला विषय हळूहळू बदलत गेला. ज्यू कोणाला म्हणायचं, याची कायदेशीर व्याख्या. ज्यूंच्या घरात जर्मन भाडेकरू, जर्मनांच्या घरात ज्यू भाडेकरू. मी मनात धरून बसले होते की असलं लिखाण म्हणजे आरडाओरडा असणार, शिव्या असणार. सिनेमात भाषणं ठोकणारा तो हुकूमशहा आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. इथे कोणी ओरडत नव्हतं. शांत, घासूनपुसून लिहिलेली वाक्यं होती, खाली तळटीपा होत्या, एका प्राध्यापकाने दुसऱ्याचं मत आदराने खोडून काढलेलं होतं. आणि जवळजवळ सगळं कर्मणी प्रयोगात. अमुक केलं जातं, तमुक वगळलं जातं. करणारा कोण, ते वाक्यात कुठेच नाही. मी शाळेत मुलांना कर्मणी प्रयोग शिकवताना किती वेळा उदाहरणं शोधली होती! इथे पानंच्या पानं होती.

एका लेखाने मला फारच चक्रावून टाकलं. वंश, रक्त असे मोठमोठे शब्द सुरुवातीला होते. पण माणूस ज्यू आहे हे ठरवायचं कसं, हा प्रश्न आला तेव्हा उत्तर होतं, त्याचे आजी-आजोबा कुठल्या प्रार्थनास्थळाचे सदस्य होते ते पाहा.

मी वाचता वाचता थांबले. "सेन्सेई, हे म्हणतात रक्त, आणि पुरावा मागतात धर्माचा?"

ते हसले, पण ते हसू काही आनंदाचं नव्हतं. "रक्त तपासून काही सापडत नाही, हे त्यांच्या डॉक्टरांना ठाऊक होतं. मग चर्चच्या जुन्या वह्यांवर भागवलं. आता विचार करा, प्रत्येक शिक्षकाला, कारकुनाला आपल्या आजीचा बाप्तिस्म्याचा दाखला हवा. तो कोण देणार? चर्चचा पाद्री. शोधून कोण देणार? वंशावळी काढणारा. किती लोक कामाला लागले असतील! आणि त्यातल्या कोणाला वाटलंही नसेल की आपण काही करतोय."

ओकुसान चहा घेऊन आल्या होत्या. जर्मन त्यांना येत नव्हतं, म्हणून सेन्सेईंनी त्यांना जपानीत सांगितलं. त्या गुडघ्यांवर बसून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझं लग्न ठरत होतं तेव्हा आमच्या गल्लीत एक माणूस चौकशी करून गेला होता. आमचं मूळ घराणं कुठलं, वस्ती कुठली, हलक्या मानलेल्या वस्तीतले तर नाही ना. शेजारच्या बाईंनी मला नंतर सांगितलं."

"कोणी पाठवला होता?" मी माझ्या मोडक्या जपानीत विचारलं.

त्यांनी नुसतं सेन्सेईंकडे पाहिलं. सेन्सेई म्हणाले, "माझ्या वडिलांनी. मला हे आजच कळतंय."

मला माझं लग्न आठवलं. आमच्याकडे चौकशीला माणूस पाठवायची गरजच नव्हती. आडनाव सांगितलं की समोरचा अर्ध्या मिनिटात सगळं ओळखतो, आणि उरलेलं कुळ-गोत्र विचारून काढतो. मी ते सेन्सेईंना सांगितलं तेव्हा ते इतके पुढे सरकून बसले की मला कितीतरी वेळ प्रश्नांची उत्तरंच द्यावी लागली. त्या दिवशी वाचन काही पुढे गेलं नाही.

असंच एकदा त्यांनी विचारलं, "तुम्ही कधी ज्यू माणूस पाहिलाय? मी नाही. जपानमध्ये त्यांची वस्ती जवळजवळ नाहीच. पण आमच्या स्टेशनजवळच्या पुस्तकांच्या दुकानात जाऊन या, ज्यू जगाचा कारभार कसा चालवतात यावर फळीभर पुस्तकं आहेत."

"आमच्या गणिताच्या बाई ज्यू होत्या," मी म्हणाले.

सेन्सेईंनी डोळे उघडले. "युरोपातून पळून आलेल्या?"

"छे, कोकणातल्या. अलिबागकडच्या. आडनावाच्या शेवटी 'कर', घरात मराठी. नऊवारी नेसणाऱ्या त्यांच्या आई कधीकधी शाळेत डबा घेऊन यायच्या. आमच्याकडे या लोकांना शनवार तेली म्हणायचे. तेल काढण्याचा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून."

"एवढंच?"

"एवढंच. पुण्यात ज्यूंचं लाल विटांचं प्रार्थनाघर आहे. त्याला लोक लाल देऊळ म्हणतात. बाई शनिवारी शाळेत येत नसत, तर आम्हाला आनंद व्हायचा, कारण गणिताचा तास नसे."

सेन्सेईंना बाई काय जेवत, कशा बोलत, रागावल्यावर काय म्हणत, सगळं हवं होतं. मी सांगितलं, नारळाच्या दुधातली माशांची आमटी, तांदळाची भाकरी, आणि रागावल्या की "मेल्यांनो, डोकी घरी ठेवून आलात काय!" हे शेवटचं जर्मनमध्ये सांगताना माझी फार तारांबळ उडाली. मी नववीत असताना बाई इस्रायलला गेल्या. त्या गेल्या तेव्हा का गेल्या असं मला वाटलं नव्हतं. मुंबईला बदली व्हावी तसं वाटलं होतं.

त्यानंतर वाचताना माझी पंचाईत होऊ लागली. पानावर 'ज्यू' शब्द आला की डोळ्यांपुढे खडूने पांढरी झालेली बाईंची बोटं यायची. ज्यूंशी लग्न झालेल्या जर्मन नवऱ्यांबद्दलचा एक लांब लेख होता. हे नवरे आपणहून कोर्टात येत होते. लग्नाच्या वेळी वंशाचं महत्त्व मला कळलं नव्हतं, तेव्हा लग्न रद्द करा, असा त्यांचा अर्ज. आणि प्राध्यापक महाशय चर्चा करत होते की लग्नाला किती वर्षं झाली असतील तोवर 'मला कळलं नव्हतं' असं म्हणता येईल.

"यांना कोणी सांगितलं होतं का कोर्टात जायला?" मी विचारलं.

"नाही. कायदा होण्याच्या आधीपासून जात होते. प्राध्यापकांनी मागून येऊन त्यांना कारण शोधून दिलं."

त्या उन्हाळ्यात तानाबाता या ताऱ्यांच्या सणाला नवऱ्याचा कॉलेजमधला मित्र आला. तो टोकियोत एका कंपनीत कंत्राटावर सॉफ्टवेअरचं काम करायचा, जवळच्या उरायासु गावात राहायचा. बाजारपेठेत छतापासून लोंबणाऱ्या कागदी झिरमिळ्या बघून आम्ही घरी आलो. मी वरणभात आणि बटाट्याची भाजी केली होती. तो दोन महिन्यांनी घरचं जेवत होता. जेवताना त्याने मला विचारलं, "वहिनी, तुम्ही त्या म्हाताऱ्यांकडे काय वाचता?" मी सांगितलं.

"हां, तो," मित्र म्हणाला. "काही म्हणा, शिस्त होती. आपल्याकडे असा एखादा पाच वर्षं तरी पाहिजे."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. आमच्या काकांच्या तोंडून, रिक्षावाल्याच्या तोंडून. आमच्या शाळेच्या कडक मुख्याध्यापकांना तर मुलं त्या हुकूमशहाच्याच नावाने ओळखत, आणि त्यांना ते आवडायचं. इतकी वर्षं मी तिकडे लक्ष दिलं नव्हतं. त्या दिवशी मी वाढायची थांबले.

"भावजी, शिस्त होती म्हणजे काय होतं, सांगू? आज मी एक लेख वाचला. ज्यू माणसाच्या घरी पंचेचाळीस वर्षांखालची जर्मन मोलकरीण ठेवायला बंदी. आता घरात ज्यू पुरुष नसेल, नुसती म्हातारी असेल, तर चालेल का, यावर चर्चा."

"ही कोण, त्याची गुंड मंडळी?"

"प्राध्यापक. माझ्या सेन्सेईंसारखे. तळटीपांसकट."

मित्र घास हातात धरून थांबला. "प्राध्यापकांनी कशाला? त्यांना काय कमी होतं?"

"हेच मला कळत नाहीये," मी म्हणाले, आणि खरंच कळत नव्हतं. नवरा एवढा वेळ गप्प होता, तो म्हणाला, "जागा रिकाम्या झाल्या असतील ना. इतके लोक काढले म्हणजे." आम्ही तिघंही त्या काळात कंत्राटं आणि नेमणुकांवर जगत होतो. जाताना मित्र म्हणाला, "वहिनी, पुढे काय निघतं ते मला फोनवर सांगा हं." तो खरंच विचारत राहिला.

आता या सगळ्यात सेन्सेईंचे गुरुजी कुठे होते? त्यांचे स्वतःचे लेख जपानीत होते. ते विद्यापीठाच्या ग्रंथालयातून आणले आणि सेन्सेईंच्या एका जुन्या विद्यार्थ्याने वाचून दाखवले. सेन्सेईंनी मला सारांश सांगितला. जर्मनीहून परत आल्यावर गुरुजींनी तिथल्या नव्या कौटुंबिक कायद्याची ओळख करून देणारी लेखमाला लिहिली होती. ज्यूंबद्दल वाईट शब्द एकही नाही, आणि कायद्याबद्दलही नाही. अमुक कलम असं आहे, त्यावर मतभेद असे आहेत. मोलकरणीचं कलमही त्यात होतं, दोन ओळींत.

"मी त्यांच्याइतका प्रेमळ शिक्षक पाहिला नाही," सेन्सेई म्हणाले. "युद्धानंतर उपासमार होती तेव्हा ते आपल्या घरचे बटाटे आम्हा विद्यार्थ्यांना वाटायचे. पुढे त्यांनी नवं लोकशाही संविधान शिकवलं. तितक्याच काळजीपूर्वक."

पानगळ सुरू झाली तेव्हा गुरुजींची मुलगी भेटायला आली. साठीच्या पुढची, नीटनेटकी, शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेली बाई. स्मृतिग्रंथासाठी वडिलांचे फोटो घेऊन आली होती. सेन्सेईंनी माझी ओळख करून दिली आणि मला थांबायला सांगितलं. माझी जपानी एव्हाना बरी झाली होती. जिथे अडत होतं, तिथे सेन्सेई जर्मनमध्ये सांगत होते.

फोटो बघता बघता बाई हसून म्हणाल्या, "बाबांची जर्मनीतली चहाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. आमच्या घरी ती दर वर्षी व्हायची."

सेन्सेईंना ठाऊक नव्हती.

"बाबा ज्या प्रोफेसरांकडे शिकायला म्हणून निघाले होते, ते बाबा पोचेपर्यंत पदावर राहिलेले नव्हते. मग बाबा त्यांच्या जागी आलेल्यांकडे शिकले. पण नंतर एकदा भेटवस्तू घेऊन पहिल्या प्रोफेसरांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीने केक केला होता, तो खालून जळला होता. चहा आणताना किटली कलंडली आणि बाबांच्या विजारीवर सांडला. ती बिचारी रडायलाच लागली. म्हणाली, माफ करा, मोलकरीण सोडून गेलीय, मला सवय नाही." बाई अजून हसतच होत्या. "बाबा म्हणायचे, पाश्चात्त्य बायकांना साधा चहा करता येत नाही. आई मुद्दाम त्यांच्या विजारीकडे बघून चहा ओतायची."

मी सेन्सेईंकडे पाहिलं. त्यांना माझा चेहरा नीट दिसत नसणार, पण त्यांचा चेहरा मला दिसत होता. पंचेचाळीस वर्षांखालची मोलकरीण, हे शब्द मी त्याच खोलीत वाचले होते.

बाईंच्या लक्षात आलं. "काय झालं?"

सेन्सेईंनी हळूहळू सगळं सांगितलं. प्रोफेसर ज्यू होते, म्हणून पदावर राहिले नव्हते, ते. मोलकरीण का गेली, ते. तिला जाणं भाग होतं. बाई ऐकत होत्या, आणि त्यांच्या मांडीवर फोटो तसेच पडून होते.

"बाबांना माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"माहीत होतं," सेन्सेई म्हणाले. "त्या कलमाबद्दल त्यांनी स्वतः लिहिलंय."

"मग ते हसायचे का?"

ओकुसान आत येत होत्या, त्या दारातच थांबल्या. मग बाईच म्हणाल्या, "ते गोष्ट सांगताना नेहमी विजारीवर हात फिरवायचे. आम्हाला वाटायचं, नक्कल करतायत."

सेन्सेईंनी लेख लिहिला. ते सांगत, तो जुना विद्यार्थी लिहून घेई. त्यात बटाटे होते, लेखमाला होती, आणि चहाही होता. मसुदा ग्रंथाच्या समितीकडे गेल्यावर दोघं जण भेटायला आले. एक वकील, एक निवृत्त न्यायाधीश. दोघेही सेन्सेईंचे गुरुबंधू. मी बाजूच्या खोलीत ओकुसानबरोबर बसले होते, कागदी दारातून सगळं ऐकू येत होतं.

"हा गौरवाचा ग्रंथ आहे," न्यायाधीश म्हणत होते. "त्या काळात सगळेच तसं लिहीत होते."

"तेच मी लिहिलंय," सेन्सेई म्हणाले. "की सगळेच लिहीत होते."

"गुरुजींनी कोणाचं वाईट केलं नाही."

"नाही केलं. त्यांनी नीट वाचलं आणि नीट समजावून सांगितलं. मीही आयुष्यभर तेच केलं, म्हणून मला जाणून घ्यायचंय."

शेवटी वकील म्हणाले, "निदान घरातली गोष्ट तरी काढा. मुलीला काय वाटेल?"

मुलीला विचारू, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा सेन्सेई फोनवर होते आणि एकसारखे "हो, हो" म्हणत होते. फोन ठेवून त्यांनी मला जर्मनमध्ये सांगितलं. बाई म्हणाल्या होत्या, गोष्ट राहू द्या, पण एक वाक्य घाला. बाकीचे परदेशी विद्यार्थी त्या घराकडे फिरकत नव्हते. बाबा गेले होते.

"हे मला सुचायला हवं होतं," सेन्सेई म्हणाले. "त्याशिवाय लेख चुकीचाच झाला असता." ते खूश दिसले. वाक्य लेखात घातलं. ज्या लेखात आधी फक्त दोष दिसत होता, त्यात आता एक भेटसुद्धा होती, आणि दोन्ही एकाच माणसाची. त्यामुळे ते समजायला सोपं झालं नाही, उलट अवघड झालं.

ग्रंथ निघाला. मुख्य म्हणून मागवलेला लेख अगदी शेवटी छापला होता. न्यायाधीशांचं नववर्षाचं कार्ड त्या वर्षी आलं नाही. ओकुसान कार्डं लावताना त्याची जागा रिकामी ठेवत होत्या, सेन्सेई म्हणाले, "ठेवू नका, येणार नाही." ते बोलताना त्यांचा आवाज मात्र उतरला होता. पन्नास वर्षांची मैत्री होती. गुरुजींच्या मुलीचं कार्ड आलं, नेहमीसारखं, सुंदर अक्षरातलं.

मला वाटलं, माझं काम संपलं. पण सेन्सेई म्हणाले, "आता खालच्या फळीवरचं जाड पुस्तक काढा."

ते त्या पहिल्या प्रोफेसरांचं पुस्तक होतं, हुकूमशाहीच्या आधी लिहिलेलं. विषय, अनाथ मुलांचं पालकत्व. गुरुजी खरं तर हे शिकायला इतक्या लांब निघाले होते. मला वाटलं, निदान हे तरी रोमांचक असेल. मुळीच नव्हतं. पालकाने मुलाच्या मालमत्तेतून काय खर्च करावा, याच्यावर प्रकरणंच्या प्रकरणं. पण मध्येच ते गृहस्थ थट्टा करत. एके ठिकाणी त्यांनी लिहिलं होतं की कायद्याला मूल फक्त सही करताना दिसतं, जेवताना दिसत नाही. वाक्यात कर्ता असे. कोण काय करतं, ते सरळ सांगितलेलं असे. सेन्सेई मोठ्याने हसले. मीही.

त्या नवरा-बायकोचं पुढे काय झालं, हे शोधायचा आम्ही प्रयत्न केला. सेन्सेईंनी ओळखीच्या एका जर्मन प्राध्यापकांना विचारलं. काही हाती लागलं नाही. ते देश सोडून जाऊ शकले की नाही, कोणालाच सांगता येईना. प्रोफेसरांच्या पत्नीचं नावही कुठे नव्हतं. गुरुजींनी गोष्ट सांगताना कधी घेतलं नव्हतं.

पुढच्या वसंतात नवऱ्याची मुदत संपली आणि टोकियोजवळ नोकरी लागली. शेवटच्या दिवशी मी गेले तेव्हा पालकत्वाच्या पुस्तकाची शेवटची दोन प्रकरणं उरली होती. सेन्सेई म्हणाले, "आज दोन्ही होतील का?" मी म्हणाले, बघू. ओकुसाननी मोची आणून ठेवली, पण मध्ये थांबायला आम्ही दोघंही तयार नव्हतो. बाहेर चेरीची झाडं नुकती फुलायला लागली होती, आणि खिडकी उघडी असल्यामुळे मला आवाज थोडा चढवून वाचावं लागत होतं. एक प्रकरण पूर्ण झालं. दुसरं अर्ध्यावर राहिलं. ते पुढे त्या जुन्या विद्यार्थ्याने आपल्या मोडक्या जर्मनमध्ये वाचून दाखवलं, असं ओकुसाननी मला फोनवर सांगितलं. शेवटी काय होतं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मला जर्मन कुठे येतं? पण त्यावरून ते दोघं बराच वेळ भांडत होते."